रजिस्टरात नसलेला पाडा

गुरुवारी, सतरा जुलैला, दवाखान्याच्या दारात जीप थांबली तेव्हा रोहिदास कॅज्युअल्टीच्या टेबलाशी बसून सदतिसाव्या पेशंटचं नाव लिहीत होता. सकाळचे साडेअकरा झाले होते. रांग व्हरांड्याच्या बाहेर पत्र्याखाली गेली होती. पावसाळ्यात असंच असायचं. ताप, साप, जुलाब, कुऱ्हाड लागलेला पाय. कोण आलं ते बघायला मान वर करायची सवय रोहिदासची केव्हाच मोडली होती. प्रश्न कानाने विचारायचा, उत्तर कानाने घ्यायचं, हात चालू.

"गाव?" त्याने विचारलं.

"साखरशेतवरून आनलाय," जीपवाला नवसू म्हणाला. अंगावरून पाणी टपकत होतं, ते रजिस्टरावर पडू नये म्हणून रोहिदासने पान आडव्या हाताने झाकलं आणि रकान्यात साखरशेत लिहिलं.

"नाव?"

नवसू टेबलावर वाकला.

"नाव सांग रे बाबा. मागे रांग आहे."

"दादा, तू जरा भायेर ये."

"अरे, नाव सांगायला बाहेर कशाला?"

"मंजुषाबाई," नवसू म्हणाला. "आपली. वस्तीशाळेची."

रोहिदासने मान वर केली तेव्हा रोहिणी सिस्टर आणि वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आत येत होते. मंजुषाचे डोळे खोल गेले होते. तळहाताची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतली होती. डॉक्टर हेमंतनी नाडी पाहिली, मानेला बोटं लावली, डोळ्यांत बॅटरी टाकली. मग पुन्हा नाडी पाहिली. तिसऱ्यांदा पाहिली तेव्हाच रोहिदासला कळलं.

"जुलाब-उलट्या कधीपासून?" डॉक्टरांनी नवसूला विचारलं.

"पहाटपासून म्हनतात. नाल्याला पानी होता, डोलीत घालून वरच्या अंगानं आनली. जीपमधी दोनदा पानी मागितला. मंग बोललीच नाय."

रांगेतल्या पुढच्या बाईने खोकणाऱ्या पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती रोहिदासच्या टेबलाकडे बघत उभी राहिली. तिला वाटलं असेल, आता आपली पाळी.

*

हा दवाखाना एका ट्रस्टचा. जव्हारहून मोखाड्याला जाणाऱ्या रस्त्याला, वीस खाटांचा. रोहिदास तिथे चौदा वर्षं कारकून होता आणि मागे पत्र्याच्या दोन खोल्यांत राहत होता. त्याची बायको मंजुषा बेहडपाड्याची. तिथल्याच वस्तीशाळेत ती शिकवायची. उन्हाळ्या-हिवाळ्यात रोज येऊन-जाऊन करायची, पण पावसात नाले भरले की सोमवारी जायची, आपल्या आईकडे, कोंडीकडे, राहायची आणि शनिवारी परत यायची. पोरबाळ नव्हतं. शनिवार-रविवार हा त्यांचा संसार.

त्या आधीच्या शनिवारी ती आली ती भिजून, पण आधी लुगडं बदललं नाही. पिशवीतून हजेरी काढून त्याच्यापुढे ठेवली.

"हे बघा. बावीस पोरांतली नऊ नाहीत. मंगळवारपासून कमीच होतायत. घरी जाऊन बघितलं तर कुणाला हगवण, कुणाला उलटी. मोठी माणसंही पडलीत."

"वास्ता खाल्ला असेल," रोहिदास म्हणाला. कोवळ्या बांबूच्या त्या भाजीने पावसाच्या तोंडी पोटं बिघडतातच.

"आई पण तेच म्हणते. पण इतक्या घरांत? मला विहिरीचं वाटतं. वरचं सगळं पाणी वाहून तिच्यात उतरतं." मग ती म्हणाली, "अहो, तुमच्या रजिस्टरात बघा ना. आमच्या पाड्यावरचे किती आलेत तुमच्याकडे? तीन जरी आले असतील ना, तरी मी शाळा बंद करते, आईला इकडे घेऊन येते आणि तालुक्याला अर्ज टाकते. नुसतं माझ्या सांगण्यावर कोण येतंय?"

"बघतो उद्या."

"उद्या रविवार. झोपाल."

"बघतो म्हटलं ना."

त्याने बघितलं होतं. रविवारी दुपारी खास जाऊन, आठवड्याभराची पानं एक एक करून, बोट लावून गावाचा रकाना वरपासून खालपर्यंत पाहिला होता. घाई केली नव्हती. जेवायला बसल्यावर त्याने तिला सांगितलं, "एकही नाही."

"एकही नाही?"

"सगळी पानं बघितली. बेहडपाडा कुठेच नाही."

मंजुषाने भाकरी मोडली. "मग वास्ताच असेल," ती म्हणाली. तिचा जीव हलका झाल्यासारखा वाटला. सोमवारी सकाळी ती जीपने गेली. पाणी उकळून प्यायचं तिने शनिवारपासून ठरवलं होतं, ते सोडून दिलं असावं. चुलीवर ओली लाकडं, माणसं दोन. कशाला उगाच.

*

बाराव्याला रोहिदास बेहडपाड्यावर गेला. पाऊस उघडला होता. तालुक्याची माणसं तोवर येऊन विहिरीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकून गेली होती, कारण मंजुषाच्या नावापुढे 'बाई' होतं आणि शाळेची बाई मेली की कागद हलतो. विहिरीभोवती पांढरे डाग पडले होते. घराघरांतून माणसं आली आणि ओसरीवर बसली. बोलणं सुरू झालं ते आजाराचंच.

शेजारची कमू, पन्नाशीची, बारीक, हातात तंबाखू. ती म्हणाली, "माना पन हगवन लागली व्हती. दोन बाटल्या लावल्या सलायनच्या. तुज्याच दवाखान्यात."

रोहिदासला वाटलं ती वेगळ्या वर्षाचं बोलते आहे. "कधी?"

"ह्याच पावसात. बुधवारी. तूच लिवलास ना."

"मी?"

"तं कोन? मी बोलले, जावयबुवा, बरे हाव का? तू बोलला, गाव? मी बोलले, मानूस मोठा जाला आमचा जावय, सासुरवाडी विसारला. मागचे हसले. तू मान वर नाय केलीस."

दोघीतिघी आताही हसल्या, आणि कशासाठी जमलो आहोत ते आठवून गप्प झाल्या.

रोहिदास पुढे सरकला. "कमूमावशी, गाव काय सांगितलंस?"

"जामसर."

"जामसर कशाला? तू बेहडपाड्याची ना?"

तो वेडा झाला आहे की काय, असं कमूने त्याच्याकडे बघितलं. "तूच शिकवलास. पाड्याचा नाव घेतला का तू वरडतस. पाडा-बिडा नको, मोठा गाव सांग. सगल्यांना वरडतस. आमी जामसरवरून जीप पकडली, जामसर सांगितला."

"आमी साखरशेत," मागून एक जण म्हणाला. "नाला भरलेला, वरच्या वाटंनं गेलो."

"माजा पोऱ्या दाभोशाला मामाकडं व्हता, थितून नेला. आमी दाभोसा सांगितला."

रोहिदासने तिथेच बसून बोटांवर मोजायला सुरुवात केली. कोण कोण गेलं, कोणत्या दिवशी, कोणत्या वाटेने. सांगताना माणसं एकमेकांना दुरुस्त करत होती. अकरा झाले. अकरा माणसं नऊ दिवसांत, आणि त्याने रविवारी बोट लावून रकाना तपासला होता तेव्हा त्यातली सहा येऊन गेली होती.

ओरडण्याचं कमू म्हणाली ते खरं होतं. गावांची छापील यादी ट्रस्टच्या ऑफिसने दिलेली. तिच्यात महसुली गावं, पाडे नाहीत. रकाना दोन बोटांचा. कुणी 'उंबराचा पाडा, वरली आळी' सांगितलं की लिहायला जागा पुरायची नाही आणि महिन्याच्या शेवटी बेरीज जुळायची नाही. म्हणून तो ओरडायचा. चौदा वर्षं ओरडला. माणसं शहाणी, शिकली.

कोंडी चुलीपुढून उठून आली आणि त्याच्याजवळ बसली. तिला कानांनी कमी ऐकू यायचं, त्यामुळे वरचं बोलणं तिच्यापर्यंत नीट पोचलं नव्हतं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"जावय, तू मनाला नको लावून घेऊ," ती म्हणाली. "मंजुषा सोमवारी आली तं खुशीत व्हती. बोलली, आय, मी उगा भ्यालेले. ह्यांनी सगला पुस्तक बघला. आपल्या पाड्याचा एक पन मानूस दवाखान्यात नाय. तुजा मोठा आधार वाटला तिला."

"मामी," रोहिदास म्हणाला. कोंडीने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि तो त्याने प्यायला.

*

कामावर गेल्यावर पहिल्या दिवशी त्याने जुनं रजिस्टर कपाटातून काढलं आणि लाल पेन्सिलीने अकरा नावांपुढे खुणा केल्या. जामसर तीन. साखरशेत पाच. दाभोसा दोन. जव्हार एक. अकरातली पाच त्याच्या अक्षरातली होती, सहा दुसऱ्या पाळीच्या कारकुनाची. रजिस्टर घेऊन तो डॉक्टर हेमंतकडे गेला. डॉक्टर नागपूरकडचे, सव्वीस-सत्तावीसचे, वर्षभरासाठी आलेले.

त्यांनी खुणा पाहिल्या. तारखांवरून बोट फिरवलं. आठ तारखेला एक, नऊला दोन.

"म्हणजे नऊ तारखेला संध्याकाळीच तीन झाले होते," ते हळू म्हणाले. "तीन माणसं, एकच वस्ती, दोन दिवस. एवढं पुरे असतं, रोहिदास. एवढ्यावर माणूस पाठवता येतो. लॅब नको, काही नको. नुसतं हे रजिस्टर रोज संध्याकाळी कुणीतरी वाचायला हवं."

"वाचलं होतं," रोहिदास म्हणाला. "मी वाचलं होतं, साहेब."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना काही ठाऊक नव्हतं. रोहिदासने त्यांना शनिवारचं आणि रविवारचं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी रजिस्टर मिटलं.

"यादी तुम्ही केली नव्हती," ते म्हणाले.

"ओरडत मी होतो."

त्या दिवसापासून रोहिदासने रजिस्टरच्या प्रत्येक पानावर पट्टी ठेवून एक उभी रेघ मारायला सुरुवात केली. गावाच्या रकान्याचे दोन भाग. वर लिहिलं, पाडा. आणि रोज पाच वाजता टेबल सोडण्याआधी तो दिवसभराची पानं वाचायचा. जुलाब, ताप, कावीळ, असं एकेक घेऊन पाड्याप्रमाणे वहीत वेगळं उतरवायचा. दुसऱ्या पाळीचा कारकून म्हणाला, "भाऊ, पगार तेवढाच आहे बरं का." रोहिदासने त्याच्याही पानांवर रेघा मारून ठेवल्या.

अवघड गेलं ते माणसांशी. एकदा घडवलेली सवय मोडत नाही. मोखाड्याच्या बाजूचा पोश्या म्हातारा गुडघा सुजवून आला.

"गाव?"

पोश्याने पाठ केल्यासारखं मोठं गाव सांगितलं.

"पाडा?"

"पाडा नाय."

"पाडा नाही म्हणजे? रानात राहतोस?"

"पाडा हाय. पन तुला नाय सांगत. मागल्या साली सांगितला तं तू माना मागं हाकललास. बोललास, नीट गाव इचारून ये. मी भायेर जाऊन जीपवाल्याला इचारला, माजा गाव कंचा? तो हसला." पोश्याने आजूबाजूला बघितलं, ऐकणारी माणसं होती हे पाहून आवाज वाढवला. "आता ह्याला पाडा पायजे. उद्या इचारील, घराला दार कंच्या बाजूला हाय!"

रांग हसली. रोहिदास उठला, टेबलाच्या बाहेर आला आणि म्हणाला, "चुकलं माझं, बाबा." पोश्याला एवढं अपेक्षित नव्हतं. त्याने पाड्याचं नाव सांगितलं, आळी सांगितली आणि दार कुठल्या बाजूला तेही सांगितलं.

*

दर सोमवारी दवाखान्यातून तालुक्याला साथीच्या रोगांचा तक्ता जायचा आणि तिथून जिल्ह्याला, ठाण्याला. तक्त्यात गावाच्या नावापुढे सहा आकडी कोड. रोहिदास वही घेऊन तक्ता घेणाऱ्या साहेबांकडे गेला. माणूस वाईट नव्हता. खुर्ची दिली, मंजुषाचं ऐकून हळहळला.

"पण कोड नसलेलं नाव ठाण्याचा कॉम्प्युटर घेत नाही हो. पाड्याला कोड नाही."

"मग शेरा म्हणून लिहू?"

"लिहा. शेरा वर जात नाही. इथेच राहतो."

"इथे वाचेल कोण?"

साहेबांनी टेबलावरच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. "अर्ज द्या," ते म्हणाले. "वर पाठवतो."

रोहिदासने अर्ज दिला. एक तिथे, एक ट्रस्टच्या ऑफिसला, एक ठाण्याला पोस्टाने. तिन्ही डॉक्टर हेमंतनी लिहून दिले होते, नीट भाषेत, अकरा नावांचा तपशील जोडून. अकरा खुणा, चार गावं, एक विहीर. कुणालाही समजावं असं. ऑफिसने उत्तर दिलं की छापील नमुन्यात खाडाखोड करू नये.

पुढच्या पावसाळ्यात डॉक्टर हेमंत गेले, वर्ष संपलं होतं. जाताना रोहिदासचा हात धरून म्हणाले, "वही सोडू नका." रोहिदासने सोडली नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी, वहीत खोरीपाड्याच्या नावापुढे दोन खुणा पडल्या. गुरुवारी आणखी दोन. सगळ्यांना जुलाब-उलट्या, सगळ्यांच्या पायात गोळे. रोहिदासने वही बंद केली, पुन्हा उघडली. हेच ते. मागच्या वर्षी जे दिसायला हवं होतं ते आता त्याच्यासमोर शाईत होतं, दुसऱ्याच दिवशी. खरं सांगायचं तर त्याला पहिल्यांदा बरं वाटलं होतं.

नवीन डॉक्टरबाई जयश्री, त्यांनी तत्परतेने फोन केला. तालुक्याची गाडी शुक्रवारी निघाली. शनिवारी फोन आला. रोहिदासनेच घेतला.

"जाऊन आलो," पलीकडून म्हणाले. "बोअरिंगचं पाणी तपासलं. स्वच्छ. घरोघर विचारलं. एकही पेशंट नाही. साथ नाही असं कळवतोय वर."

"खोरीपाड्याला बोअरिंग नाहीच," रोहिदास म्हणाला. "झरा आहे. तुम्ही कुठे गेला होतात?"

"दाभोशाला."

"मी खोरीपाडा सांगितलं होतं. दाभोशापासून दीड तास चालत."

"कागदावर दाभोसा आहे, भाऊ. डिझेल कागदावर निघतं."

"मग आता जा ना."

"सोमवारी बघतो. साथ नाही असं वर गेलंय आता."

रविवारी सकाळी रोहिदास दवाखान्याच्या गोदामातून पाच किलो टीसीएल घेऊन निघाला. जीपने दाभोसा, पुढे चालत. झऱ्यावर फागी नावाची बाई दोन हंडे घेऊन उभी होती. त्याने सांगितलं, दवा टाकायचा आहे. तिने विचारलं, तू डागदर? तो म्हणाला, नाही. पानीवाला? नाही. मग कोन?

"मी नाव लिहितो दवाखान्यात," रोहिदास म्हणाला.

तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिने टाकू दिला. बादलीभर पाण्यात किती मिसळायचं ते त्याने डॉक्टरबाईंकडून लिहून घेतलं होतं. पण वाहत्या झऱ्यात औषध टिकत नाही, हे त्याला तिथे उभं राहिल्यावर कळलं. तो पांढरा लोट डोळ्यांदेखत दगडांवरून खाली निघून गेला. फागीने वास घेऊन तोंड वाकडं केलं आणि हंडे उचलून ती वर, झऱ्याच्या तोंडाकडे चालू लागली. रोहिदास तिच्या मागे हाक मारत गेला. उकळून प्या, ताई. उकळून. ती म्हणाली, व्हय व्हय. पाहुण्याला म्हणतात तसं.

सोमवारी दुपारी खोरीपाड्याची सुकी नावाची म्हातारी वारली. गाडी मंगळवारी पोचली. तोवर वहीत तेरा खुणा होत्या. सगळ्या वेळेवर, बरोबर नावापुढे.

संध्याकाळी डॉक्टरबाई त्याच्या टेबलाशी आल्या. "तुम्ही तर वेळेत सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो," रोहिदास म्हणाला.

मागच्या वर्षी त्याला वाटत होतं की दिसलं असतं तर मंजुषा वाचली असती. वर्षभर तो एवढ्याच एका गोष्टीवर उभा होता. आता दिसलं होतं.

*

याला तीन वर्षं झाली. रोहिदास अजून रेघा मारतो. नवीन रजिस्टर आलं की पहिल्या दिवशी दोनशे पानांवर पट्टी फिरवतो. माणसं आता पाड्याचं नाव सांगतात, मान वर करून विचारलं की आळीही सांगतात. वहीत एकशे अठरा पाडे झाले आहेत. काही वेळा फोन लागतो, गाडी योग्य ठिकाणी जाते. काही वेळा जात नाही.

अर्जांची उत्तरं आलेली नाहीत. तक्त्यात पाड्याचा रकाना नाही. खोरीपाड्याचा झरा बांधलेला नाही, बेहडपाड्याच्या विहिरीला कठडा नाही. दिवाळीला आणि होळीला रोहिदास कोंडीकडे जातो, ती त्याला जेवू घालते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की माझ्या लेकीला शेवटी ह्याच्या शब्दाचा आधार होता. तो शब्द चुकीचा होता, हे त्याने तिला अजून सांगितलेलं नाही.